कोंड्याच्या भिंतींचं घर

मी माझ्या घराच्या नकाशात सात खिडक्या काढल्या होत्या आणि त्यांतल्या पाच शेजाऱ्यांच्या घरात उघडत होत्या.

मी शाळेत भूमिती शिकवत असे, हेही आताच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. नागभीडला आम्ही आठ नोकरदारांनी मिळून स्टेशनच्या रस्त्याला एक लांबट तुकडा घेतला होता. आठ घरं एकाला एक चिकटून, मधल्या भिंती सामाईक. माझ्या वाट्याची जागा पंधरा फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट लांब. दिवाळीची अख्खी सुट्टी घालवून मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. दोन्ही बाजूंनी वारा खेळला पाहिजे, असा माझा आग्रह होता. मिस्त्रीने तो कागद बराच वेळ पाहिला.

"गुरुजी, शेजाऱ्यायले विचारलं का? त्यायच्या सयपाकघरातून येईन हा वारा." मग हसू गिळत म्हणाला, "तुम्ही असं करा, दौलतभाऊकडे जा."

दौलतभाऊंची हयात सरकारी जमीनमोजणीची साखळी ओढण्यात गेलेली. साहेब सावलीत उभे राहून दुर्बिणीतून पाहत आणि दौलतभाऊ साखळीचं टोक धरून काट्यांत शिरत. निवृत्तीनंतर साखळी सुटली, पण मोजणं सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आपली पत्रावळ शेजाऱ्याच्या पत्रावळीपासून किती वितींवर आहे ते पाहून घेत आणि मगच जेवत. गावात कुणी घर काढलं की खांद्यावर धानाच्या कोंड्याचं पोतं आणि हातात खुणा केलेली बांबूची काठी घेऊन ते हजर. मोकळ्या जागेवर कोंड्याच्या रेघांनी घर आखायचं आणि घरच्या माणसांना दिवसभर त्यात राहायला लावायचं. राहायला म्हणजे राहायला. स्वयंपाक, आंघोळ, झोप, सगळं. त्याआधी कुदळ मारू देत नसत.

माझा नकाशा त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला.

"सुंदर हाय. पन कागदावर झोपता येते का, गुरुजी?"

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. मग कागदाची चार पदरी घडी करून त्यांनी ती आपल्या खाटेच्या लंगड्या पायाखाली सारली. दिवाळीची सुट्टी तिथे अगदी बरोबर मापात बसली.

आता खरी अडचण सांगतो. माझी माय सिंदेवाहीकडच्या खेड्यात एकटी राहत होती. त्या वर्षी ती विहिरीपाशी पडली आणि तिचा गुडघा कायमचा गेला. तांब्याभर पाणी द्यायलाही घरात कुणी नाही. मी दर महिन्याला जाऊन "चल" म्हणायचो आणि ती दर महिन्याला "पाहू" म्हणायची. शेवटी तिने एवढं कबूल केलं, "जागा पाहून घेतो. मन लागलं तं राहीन, नाई तं वापस." ती नाही म्हणाली, तर मला सगळं सोडून तिच्याकडे जाता येणार नव्हतं आणि तिला तिथे एकटं ठेवणंही होणार नव्हतं.

एका रविवारी सकाळी आम्ही सगळे जागेवर पोचलो. मी, बायको सुमन, माय आणि भाड्याच्या घरातून आणलेली एक खाट. दौलतभाऊंनी "जयभीम" केला आणि घर आखायला सुरुवात केली. समोर बैठक, मग मधली खोली, मग जिना, मागे स्वयंपाकघर. माझाच नकाशा, फक्त खिडक्या सोडून. रेघा मारून झाल्या आणि ते म्हणाले, "हं, राहा."

मी आंघोळीला निघालो.

"थांबा! भिंतीतून काऊन गेले? भूत हा का तुम्ही?"

मी परत फिरून दारातून गेलो. रस्त्यावर दहा-वीस माणसं जमली. त्यांच्यासमोर मी अदृश्य बादलीतून अदृश्य पाणी अंगावर घेतलं. बघणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या दोघांचे बापही होते. त्या वर्षी माझ्या तासाला कधी नव्हे इतकी हसरी पोरं बसत. सुमनने हवेत पोळ्या लाटल्या. तिचं कोपर दोनदा भिंतीला लागलं म्हणून दौलतभाऊंनी भिंत सहा इंच सरकवली. शेजारच्या कोंबड्यांनी स्वयंपाकघराचा कोपरा उकरून खाल्ला, तो पुन्हा बांधावा लागला.

"भांडन झालं का तुम्ही कुठी जाता, सूनबाई?" त्यांनी विचारलं.

"मी कायले जाऊ? हेच जातात."

"मग मांगच्या दाराले एक पायरी जास्त पायजे. गुरुजी बसतीन." आणि त्यांनी खरोखरच कोंड्याची एक पायरी आखली.

इतकं होईपर्यंत माय मधल्या खोलीत खाटेवर बसून होती. ती खोली मी तिच्यासाठी मोठ्या विचाराने ठेवली होती. थंड, शांत, रस्त्याचा गोंगाट नाही. चारही बाजूंना पाहून ती मला म्हणाली, "बाबू, वापसीची गाडी केव्हा हाय?"

मी तिला बैठक किती छान होणार ते सांगू लागलो. इथे सोफा, तिथे टीव्ही.

"टीव्ही घेतला का?" दौलतभाऊंनी विचारलं.

"अजून नाही. पण जागा ठेवली आहे."

"जो अजून आलाच नाई त्याले समोरची खोली. अन् जिनं तुमाले जगात आनलं तिले बोळ?"

सुमनने हवेतली पोळी हवेतच ठेवली. मी चष्मा पुसू लागलो.

दौलतभाऊ मायजवळ गेले. "बाई, जरा उठता का?" सुमनने तिला हात देऊन उठवलं आणि ते स्वतः त्या खाटेवर आडवे झाले. चपला बाहेर, डोळे उघडे. रस्त्यावरचे लोक हसले. ते हसले नाहीत. बराच वेळ तसेच पडून राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला झोप लागली.

"माझं घर मीच आखलं होतं," ते आडव्यानेच म्हणाले. "साखळीनं. बोटभर फरक नाई. आमची बुढी, घरवाली माझी, अकरा महिने मधल्या खोलीत पडून होती. तिथून दार दिसे नाई. मी बाहेरून येओ, पाय वाजले का ते विचारे, 'कोन आलं जी?' माझ्याच घरात मले रोज सांगा लागे, मी हावो म्हनून." मग म्हणाले, "एका दिवशी मी सांगाले विसरलो. गडबडीत होतो. ते विचारतच राह्यली."

ते उठले. पायाने मधल्या खोलीची भिंत पुसली, खाट स्वतः ओढत समोर नेली आणि दाराशेजारी लावली. माझी बैठक मागे गेली. जिना बाजूच्या भिंतीला चिकटवून त्याच्यावर चार फूट जागा थेट आभाळापर्यंत मोकळी ठेवली, म्हणजे उजेड वरून घराच्या पोटात उतरेल. समोरचं दार आणि मागचं दार एका रेघेत आणलं. माय पुन्हा खाटेवर बसली. समोरून कुणी सायकलवर गेलं, तिने मान वळवून पाहिलं. मागे वळून सुमनला म्हणाली, "तुही पोळी करपून राह्यली ना बाई."

गाडीची वेळ तिने पुन्हा विचारली नाही.

घर तसंच उभं राहिलं. मायने त्या खाटेवर किती वर्षं काढली ते मी मोजलेलं नाही, पण स्टेशनच्या रस्त्याने कोण गेलं, कोण परतलं, कुणाच्या सुनेने नवं लुगडं घेतलं, याची खबर आमच्या घरात सगळ्यांच्या आधी असे. टीव्ही आला, तो मागच्या खोलीत राहिला. दौलतभाऊ रोज चारच्या सुमारास येत. आले की दारातूनच आवाज देत, "बाई, मी हावो." ती म्हणे, "दिसून राह्यलं ना भाऊ, या." मग दोघं रस्त्याकडे तोंड करून चहा पीत. फारसं बोलत नसत.

या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, असं मला सारखं वाटे. एके दिवशी ते आले तेव्हा मी ठरवूनच उंबऱ्यात उभा राहिलो. घसा साफ केला. "दौलतभाऊ, तुमच्यामुळे आज आमच्या कुटुंबाला..." इथपर्यंत चांगलं जमलं होतं. त्यांनी मान खाली घातली, काठीने जमिनीवर रेघ मारू लागले. मी "ऋण" या शब्दाकडे वळत होतो.

तेवढ्यात मागून माय म्हणाली, "बाबू, भाषन शाळेत दे. दारातून बाजूले हो, मले भाऊ दिसून नाई राह्यले."