निळी खुर्ची

"हात न टेकता उठतो माझा राजा," असं आई शेजारणींना सांगायची, तेव्हा सर चार वर्षांचे होते. जेवून उठताना ते मुद्दाम दोन्ही हात वर धरायचे आणि आईचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळायचा. पासष्ट वर्षं झाली, तो आवाज कानातून गेला नाही. पुढे ते वार्धक्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पेशंटला हात न टेकता खुर्चीतून उठवून त्याच्या पायांतलं बळ कसं ओळखायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवत राहिले. विद्यार्थी त्यांना 'खुर्चीवाले सर' म्हणत. सरांना ते आवडायचं.

त्या सकाळी सर सल्लागार समितीचे अध्यक्ष म्हणून एका छोट्या दवाखान्याच्या पाहणीला आले. तिथली डॉक्टर त्यांचीच मुलगी. सहा वर्षांपूर्वी मोठ्या इस्पितळाची नोकरी सोडून ती इथे आली, तेव्हापासून सर "मुलगी डॉक्टर आहे" एवढंच सांगत. कुठे, ते विचारलं की चष्मा पुसायला घेत. आज मात्र तिच्या कामावर लेखी अभिप्राय द्यायचा होता.

बाहेरच्या खोलीत समितीनेच पाठवलेल्या आठ खुर्च्या होत्या. निळ्या, खोल, लोण्यासारख्या मऊ, आणि सगळ्या रिकाम्या. म्हातारी मंडळी भिंतीला टेकून उभी होती.

"बसत का नाही कुणी?" सरांनी विचारलं.

"उभं बरं वाटतं," एक निवृत्त बसड्रायव्हर म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या आजींकडे पाहिलं. आजींनी छताकडे पाहिलं.

सरांनी वहीत लिहिलं, 'ज्येष्ठांचा उत्साह उल्लेखनीय.' मग ऐटीत बसले. बसले ते खाली जातच राहिले. गुडघे हनुवटीच्या भेटीला आले.

मुलगी दारात आली. कामावर ती त्यांना सरच म्हणायची. "सर, आत येताय ना?"

सरांनी हात न टेकता जोर लावला. चार बोटं वर आले आणि परत बुडाले. "आधी तुमचे पेशंट बघा, डॉक्टर. मी इथूनच पाहतो."

ती वळताच त्यांनी आधाराला हात चाचपले. खुर्चीला हातच नव्हते. तेवढ्यात समितीतल्या मित्राचा फोन आला.

"झाली का पाहणी?"

"सखोल चालू आहे."

सिस्टरने चहा आणला, तोही तिथेच घ्यावा लागला. दीड तासाने ती आत जाऊन सांगताना सरांना ऐकू आलं, "काय चिकाटी आहे हो साहेबांची. जागचे हलले नाहीत."

हलता येत नव्हतं, म्हणून सर पाहत राहिले. आतलं दार उघडंच होतं. मुलगी एका आजोबांच्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतून, एकच गोळी दोन नावांनी चाललेली शोधत होती. बहिऱ्या बाईंना एकच गोष्ट पाचव्यांदा सांगताना तिचा आवाज पहिल्यासारखाच मऊ होता. दुसऱ्या एका आजींच्या चपलेचा सुटलेला पट्टा तिने खाली बसून लावला आणि उठली ती हात न टेकता. सरांनी चष्मा पुसायला घेतला. या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं.

एक वाजला. खोलीत ड्रायव्हर आणि आजी तेवढे उरले. ड्रायव्हर वाकून कुजबुजले, "साहेब, डावीकडे कलंडा, मग पुढे सरका. आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलो."

"मग कळवलं का नाही?"

"डॉक्टरबाईंनी तीन पत्रं लिहिली की. वरून उत्तर आलं, समितीने पूर्ण विचार करून निवडल्यात."

सरांना उत्तर आठवलं. सही त्यांचीच होती. अकरा जणांनी खुर्ची फोटोत पाहून निवडली होती, बसून एकानेही पाहिली नव्हती.

मुलगी बाहेर आली. "सर, अभिप्राय?"

सरांनी दोन्ही हात पुढे केले. "मला उठता येत नाही."

ती हसली नाही. त्यांच्या पावलांना पावलं भिडवून तिने हात धरले. "एक, दोन, तीन."

सर उभे राहिले. हात मात्र सोडला नाही. ते ड्रायव्हर आणि आजींकडे वळले, आणि आई शेजारणींना सांगायची अगदी त्याच आवाजात म्हणाले,

"ही डॉक्टर आहे ना, ती माझी मुलगी."