सर्व्हरच्या मागचं ऊन

अख्खं डेटा सेंटर गार करणारी नववीतली मुलगी पाहिलीय कधी? नाही ना? मग वाचा!

डेटा सेंटर म्हणजे शाहूपुरीतली आमच्या दूध संघाची सर्व्हरची खोली. ती सांभाळते माझी वर्षाराणी आत्या. एसी दिवसरात्र धापा टाकायचे, तरी मशिनं तापलेलीच! चेअरमन हंबीररावांनी बजावलेलं, "लाईटबिल उतरलं न्हाय तर सोमवारी मशिनं पुण्याला!" म्हणजे आत्याही पुण्याला. मग पुढच्या वर्षी दहावीचं माझं गणित कुणाच्या जिवावर?

मी आत पाऊल टाकलं आणि थक्क! अंधारात हिरवे दिवे, जणू नृसिंहवाडीच्या घाटावर सोडलेले! सर्व्हर पुढून गार हवा ओढतात, मागून गरम सोडतात. इथं दोन्हींची नुसती मिसळ झालेली!

"आत्या, मध्ये पडदा लावू!"

दूधपिशव्यांचं प्लास्टिक छतापासून फरशीपर्यंत ताणलं. गरम हवा थेट एसीच्या तोंडात! आणि काय सांगू! पडद्याच्या अलीकडं पन्हाळ्याची पहाट, पलीकडं गुऱ्हाळाचं चुलवण! एक एसी चक्क बंद केला, तरी मशिनं गार! मी कितीतरी वेळ नुसती अलीकडं-पलीकडं करत होते.

रविवारी चेअरमनांच्या मंडळी, आक्का, बघायला आल्या. पलीकडं हात धरून म्हणाल्या, "अगं, हे तर फुकटचं ऊन हाय की! आभाळानं माझ्या मिरच्या वाळंनात बघ."

"आक्का, इथं मिरच्या..." आत्या म्हणू लागली.

"चेअरमन जेवतात कुणाच्या घरात?"

आत्यानं लगेच पडदा बाजूला केला. संध्याकाळी पोतंभर मिरची पडद्यामागं!

सोमवारी हंबीरराव आले. "काय गारवा! पोरी, डोस्कं हाय तुला!"

मी फुग्यासारखी फुगले. नेमक्या तेव्हाच पलीकडं आक्का मिरच्या खालवर करायला बसल्या. आणि माझी योजना इतकी चोख, की ठसक्याचा कणही वाया गेला नाही! एसीतून गार होऊन सगळा चेअरमनांच्या नाकात!

"आक् छी! जळालं! मशिन जळालं!" हंबीररावांनी पडदाच ओढला. समोर मिरच्यांच्या ढिगात आक्का!

"तू? हितं?"

"वरडताय काय! पडदा सोडा आधी, ऊन चाललंय सगळं!"

चेअरमनांनी मुकाट्यानं पडदा सोडला. डोळे पुसत म्हणाले, "मशिनं हितंच ऱ्हातील."

मी उड्याच मारल्या. "काका, लाईटबिल उतरणार म्हणून ना?"

"न्हाय गं. हिच्या कुरडया ऱ्हायल्यात अजून!"