आधी श्री, मग पान

अण्णा मायदेवांनी हरिहरची भाषा तीन गिऱ्हाइकांना कबूल केली, तेव्हा ती तिघांपैकी एकाच्याही सर्व्हरवर चालत नव्हती. वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या कंपनीत याचं कुणाला नवल वाटलं नाही. अण्णा आधी तारीख द्यायचे आणि मग ती वस्तू कशी असते याची चौकशी करायचे. साल नव्व्याण्णव होतं. वेबसाइट म्हणजे काय हे गिऱ्हाइकालाही ठाऊक नसायचं, त्यामुळे त्यांचं निभत होतं.

हरिहरने दीड वर्ष खपून ही संगणकाची छोटी भाषा लिहिली होती. तिच्यात चार ओळी लिहिल्या की वेबसाइटचं पान बघणाऱ्या माणसाप्रमाणे बदलायचं. नाव ‘सुबक’. अडचण एवढीच, की तिला राहायचं सर्व्हरच्या, म्हणजे मागेल त्याला पान पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटात, आणि गिऱ्हाइकं तीन तर सर्व्हरही तीन जातींचे. डोंबिवलीच्या वधूवर मंडळाच्या मंदाकिनीबाईंचा फुकट उतरवलेला, इस्टेटमधल्याच पंपवाल्या चांगदेवशेठचा विकतचा, आणि कळव्याच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दामाजी यांचा कुठून आला ते विचारायचं नव्हतं.

सगळ्यांचं काम तपासणाऱ्या चित्राने अण्णांना समजावलं, की धुण्याभांड्याच्या मावशी तीन घरी जातात, हात तेच असतात, फक्त एका घरी मागच्या दाराने जावं लागतं आणि एका घरी चपला बाहेर काढाव्या लागतात. तसा भाषेचा गाभा एकच ठेवायचा आणि प्रत्येक सर्व्हरच्या रीतीप्रमाणे त्यावर पातळ वेष्टण चढवायचं. असा वेष्टणातला जोडभाग, म्हणजे मॉड्यूल, सर्व्हर स्वतःच उचलून आत घेतो. अण्णांना यातलं ‘एकदाच लिहायचं’ एवढंच कळलं आणि तेवढंच आवडलं.

शनिवारी तिन्ही गिऱ्हाइकं येणार होती. तिन्ही सर्व्हरांवर पान उघडलं तर ठीक. नाहीतर ‘सुबक’ कपाटात आणि हरिहर शाळांच्या निकालपत्रकांच्या प्रोग्रॅमवर, असं अण्णांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी तिन्हीकडे पान उघडलं. हरिहरने चहा मागवला. तेवढ्यात अण्णा गाभ्याचा छापील कागद हातात घेऊन आले आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवून उभे राहिले.

“यात श्री नाही.”

हरिहरने पानाच्या माथ्यावर घालतो म्हणून सांगितलं. अण्णांना ते चाललं नाही. भाषा तोंड उघडेल तेव्हा पहिला शब्द श्री, मग बाकीचं. हरिहर म्हणाला, की सर्व्हरला आधी काय येतंय ते सांगणारं मथळ्याचं टिपण द्यावं लागतं, पाकिटावरच्या पत्त्यासारखं.

“मी पाकिटावरही पत्त्याच्या आधी श्री घालतो,” अण्णा म्हणाले. “चाळीस वर्षांत पोस्टमनने एक परत आणलेलं नाही.”

हरिहरने गाभ्यात, म्हणजे तिन्ही घरांना सामायिक अशा जागी, रोमन लिपीत श्री घातलं. काम एकदाच करायचं होतं ते एकदाच केलं, आणि बिघाडही तिन्हीकडे एकदमच झाला. मंदाकिनीबाईंच्या सर्व्हरने मथळ्याचं टिपणच वधूंच्या यादीवर छापलं. चांगदेवशेठच्या सर्व्हरने पान द्यायचं साफ नाकारलं. दामाजींचा सर्व्हर तर न बोलता बंद पडला.

अण्णांचं मत पडलं, की दोष सर्व्हरांत आहे.

शुक्रवारी चित्राने तोड काढली. मथळ्याच्या टिपणात आपली स्वतःची एखादी ओळ घातलेली चालते. एक नाव, दोन टिंबं, पुढे मजकूर. हरिहरने ‘प्रारंभ’ या नावापुढे श्री लिहिलं. तिन्ही सर्व्हर निमूट चालू झाले.

शनिवारी पानं उघडली. हरिहरने भाषेचे गुण सांगायला घेतले. चांगदेवशेठ घड्याळ बघत होते, दामाजी पंख्याकडे. तोच अण्णा उभे राहिले. “श्री कुठाय?”

“गेलं, अण्णा,” हरिहर म्हणाला. “पानाच्या आधीच गेलं. मशीनकडून मशीनला. माणसाला दिसत नाही.”

“न दिसणारं मी कसं मानू?”

हा प्रश्न रोज दोन तास पूजा करणाऱ्या माणसाने विचारला. चित्राने संगणकावर नुसत्या अक्षरांचा काळा पडदा उघडून सर्व्हरकडे थेट पान मागितलं आणि येणारा मजकूर कच्चाच दाखवला. सर्वांत आधी सर्व्हर आपली एक ओळ पाठवतोच. श्री पहिलं दिसावं म्हणून तिच्या जागी तिने काचेवर कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. खाली ठळक ‘प्रारंभ: श्री’.

खोलीत सगळे ताठ बसले. पानं बघून जांभया देणारी माणसं खुर्च्या पुढे ओढून काळ्या पडद्यात बघू लागली.

“रोज जातं हे?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“दर पानाला.”

“मग आमच्याकडून आमचा कुलस्वामी व्याडेश्वर जाऊ दे. श्री तर काय, सगळेच घालतात.”

चांगदेवशेठना खंडोबा हवा होता. दामाजींनी एकवीरा आई सांगितली आणि इतरांपेक्षा अक्षर मोठं ठेवता येईल का, हेही विचारून घेतलं. हरिहरने सोमवारी गाभ्यातून श्री काढलं आणि प्रत्येक वेष्टणात आपापलं दैवत भरायची सोय केली. तिन्ही करार झाले. ‘सुबक’ कपाटात गेली नाही. तिला काय काय येतं हे मात्र एकानेही विचारलं नाही, आणि हे हरिहरच्या मनात जरा टोचत राहिलं.

महिन्याभराने कळव्याहून दामाजींचा फोन आला. पान रिकामंच उघडत होतं. बाजारभावाच्या जागी सगळं कोरं. हरिहरने तिथल्या तिथे तपासलं. चूक भाषेतच होती, शंभर टक्के त्याची. त्याने कबुली दिली आणि दोन दिवसांची मुदत मागितली.

“पान ऱ्हाऊ दे रे,” दामाजी म्हणाले. “आई जाते नं पयली?”

हरिहरने काळा पडदा उघडून बघितलं. “जाते.”

“मंग तुझा बग सवडीन,” म्हणून दामाजींनी फोन ठेवला.