सदतीस नंबरचा तारा

शुक्रवारी दुपारी सव्वादोन वाजता यास्ना बोर्केस एका पायात मोजा आणि दुसऱ्या पायात काहीच नाही अशा अवस्थेत वेधशाळेच्या स्वयंपाकघरात धावत आली आणि तिने एल्सिरामावशींना मागून घट्ट मिठी मारली. मावशी कांदा चिरत होत्या.

"अगं सुरी आहे हातात! मरशील पोरी!"

"मेले तरी चालेल मावशी! सापडला!"

मावशींनी सुरी खाली ठेवली. यास्ना एकतीस वर्षांची, चिलीतल्या ओवाये गावची, आणि लग्नाचा विषय निघाला की ताटावरून उठणारी. त्यामुळे मावशींच्या आवाजात एकदम आशा आली.

"कोण? काय करतो?"

"चमकतो! तारा आहे, मावशी, तारा!"

"हात्तिच्या," म्हणत मावशींनी पुन्हा कांदा पुढे ओढला.

मावशींना काही वाटो, यास्नाच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न होता. गेली दोन वर्षं ती आमच्या सेरो लोईकाच्या डोंगरावर सूर्याचा जुळा भाऊ शोधत होती. ताऱ्याचा उजेड दुर्बिणीतून वर्णपटमापकात सोडला की त्याचा लांबलचक रंगीत पट्टा होतो आणि त्या पट्ट्यावर हजारो बारीक काळ्या रेघा दिसतात. ही लोखंडाची, ती कॅल्शियमची, ती सोडियमची, असं सगळं ठरलेलं असतं. रेघा वाचता आल्या की तारा किती तापलाय, किती पिकलाय आणि पोटात काय काय घेऊन बसलाय, सारं कळतं. ज्याच्या रेघा सूर्याच्या रेघांशी जुळतील, तो जुळा. यास्नाने छत्तीस तारे तपासले होते. लग्नाच्या स्थळांसारखीच त्यांची गत झाली. कुणाचं तापमान कमी, कुणाचं लोखंड जास्त, एक सगळ्या बाबतींत पसंत पडला तर त्याचं वय निघालं भलतंच.

आता सोमवारी सान्तियागोला समिती बसणार होती. जुळा नाही तर काम बंद, आणि काम बंद म्हणजे यास्नाची नोकरीही बंद. समितीतल्या ओयार्सून नावाच्या प्राध्यापकबाईंनी तर खोचक पत्रच पाठवलं होतं: "उद्या सूर्याचा जुळा तुमच्यासमोर येऊन उभा राहिला, तर तुमची पद्धत त्याला ओळखेल याचा पुरावा काय?"  गुरुवारी सकाळी तिने निकराने आणखी पाच तारे यादीत घातले आणि यादी एकेचाळीसवर नेली. शुक्रवारी दुपारी ती उठून बघते तो संगणकाने सदतीस नंबरसमोर लिहिलेलं: रेघा सूर्याशी तंतोतंत जुळतात.

"तंतोतंत, मावशी! चार हजार रेघा! एकसुद्धा इकडची तिकडे नाही!"

तेवढ्यात नोल्बेर्तोकाका चहाचा मग घेऊन आत आले. नोल्बेर्तो आराया, वय अठ्ठावन्न, तीस वर्षं दुर्बीण चालवणारा माणूस. दुर्बीण ते इतकी हळुवार हलवत की वर ठेवलेला चहाचा कप हिंदकळू नये. तोंड बंद ठेवण्याची कला मात्र त्यांना कुणी शिकवली नव्हती.

"डॉक्टरबाई, खरं सांगता?" काकांचे डोळे भरून आले. "माझ्या दुर्बिणीतून?"

"तुमच्याच! पण काका, सोमवारपर्यंत कुणाला सांगायचं नाही हं."

"छे छे! मी कशाला सांगतोय?"

काकांनी फक्त बायकोला सांगितलं. काकांची बायको खालच्या लोईका गावात केस कापण्याचं दुकान चालवते. त्या वेळी खुर्चीत नगराध्यक्षांची बहीण बसलेली होती आणि तिच्या केसांना रंग लावून अर्धा तास थांबायचं होतं. अर्ध्या तासात माणूस फोनवर काय काय करू शकतं, हे लोईकाला त्या दिवशी कळलं. तीन वाजता नगराध्यक्षांनी ला सेरेना शहरात बसणाऱ्या वेधशाळेच्या संचालकांना फोन करून अभिनंदन केलं. संचालक फुएनसालिदांना आपलं अभिनंदन कशाबद्दल चाललंय हे ठाऊक नव्हतं, पण ते आभार मानून मोकळे झाले आणि मग त्यांनी यास्नाला फोन लावला.

"शोध माझ्या वेधशाळेत लागतो आणि मला न्हाव्याच्या दुकानातून कळतं?"

"सर, अजून मला सगळं तपासायचंय..."

"तपास, तपास! उद्या बारा वाजता चौकात समारंभ आहे तोपर्यंत तपास. टीव्हीवाल्यांना मी बोलावलंय."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! चार वाजेपर्यंत बँड ठरला, चारशे एम्पानादांची, म्हणजे सारणाच्या करंज्यांची, ऑर्डर गेली, शाळेच्या मुलींना रुमाल उडवत क्वेका नाचायला उभं करण्यात आलं. नगराध्यक्षांचे मेहुणे पितळी फलक करतात, त्यांनी कोरायला सुरुवातही केली: "सूर्याला भाऊ मिळवून देणारे गाव." यास्नाने नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण खरं सांगायचं तर तिलाही आतून उकळ्या फुटत होत्या. दोन वर्षं धास्तीत झोपणाऱ्या मुलीला एका दिवसात बँड मिळाला तर ती किती नाही म्हणणार?

पाच वाजता संध्याकाळच्या चहाला सगळे टेबलाशी बसले. गरम पाव, कुस्करलेला पालता म्हणजे अ‍ॅव्होकाडो, मावशींचं जर्दाळूचं जाम. तेवढ्यात टीव्हीवाल्या मुलीचा फोन आला. तिला पडद्यावर दाखवायला ताऱ्याचा वर्णपट घेतल्याची नेमकी वेळ हवी होती. यास्नाने लॅपटॉप उघडला आणि ऐटीत वाचून दाखवलं, "गुरुवार, रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटं."

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "काहीतरीच काय सांगतेस? काल नऊ चाळीसला तू इथं या खुर्चीत बसून घेवड्याची उसळ खात होतीस. वारा सुटला म्हणून घुमट बंद होता आणि तू रडत होतीस. दोनदा वाढलं मी तुला."

"अहो मावशी, ती ग्रिनिचची वेळ असते. सगळ्या जगातल्या वेधशाळा तीच लिहितात. आपली वेळ काढायला त्यातून चार तास वजा..."

यास्ना बोलता बोलता थांबली. एकवीस चाळीसमधून चार गेले की सतरा चाळीस राहतात. म्हणजे संध्याकाळचे पावणेसहाला पाच कमी. तिने खिडकीबाहेर पाहिलं. डोंगरावर मस्त पिवळं ऊन पडलं होतं.

"काका," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काल या वेळेला तुम्ही काय करत होता?"

"रोज करतो तेच. चहा झाला की घुमट वीतभर उघडायचा, आकाशाच्या उजेडाचा एक वर्णपट घ्यायचा आणि यंत्र ठीक आहे ना बघायचं. तीस वर्षं करतोय."

"आणि त्याला नंबर कुठला देता?"

"नंबर दिल्याशिवाय तुमचं ते नवं यंत्र फोटोच घेत नाही ना! तुमच्या यादीत छत्तीस तारे, म्हणून मी सदतीस टाकतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

 मावशींनी गॅसवरची किटली बंद केली. दिवसाच्या आकाशाचा उजेड म्हणजे सूर्याचाच उजेड. यादी छत्तीसची होती तोवर संगणक काकांच्या सदतीसला केराची टोपली दाखवत होता. यादी वाढली, आणि सदतीसचे दोन वर्णपट झाले: एक पहाटे वारा पडल्यावर घेतलेला खऱ्या ताऱ्याचा, जरा पुसट, आणि एक काकांचा, लखलखीत. संगणकाने शहाण्यासारखा लखलखीत उचलला. यास्नाने त्याचा वेग पाहिला. तारे एकतर आपल्याकडे येत असतात नाहीतर लांब जात असतात. हा ना येत होता, ना जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"म्हणजे मी सूर्य शोधला," यास्ना म्हणाली.

"वाईट झालं का फार?" काकांनी विचारलं. त्यांच्या हातातला पाव तसाच राहिला होता.

तिने लगेच संचालकांना फोन केला.  फुएनसालिदा गोड आवाजात म्हणाले, "यास्ना, चुका शोधायला वेळ लागतो की नाही? सोमवारी समिती मत देईल. तुला चूक मंगळवारी सापडली तर?"

यास्ना रात्रभर तळमळली. मंगळवार हा वार तिला इतका सुंदर कधीच वाटला नव्हता. पण चारशे एम्पानादा खाऊन लोकांनी आपल्या नावाने टाळ्या वाजवायच्या आणि आपण मान डोलवायची, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

शनिवारी बारा वाजता चौक माणसांनी फुलला होता. नगराध्यक्षांनी खांद्यावरून मानाचा पट्टा अडकवला होता, फलकावर झेंडा घातला होता. यास्ना माइकपुढे गेली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे. वेळ मी बघायला हवी होती. मला सापडला तो जुळा नाही. तो सूर्यच आहे."

 बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं, म्हणून त्यांनी जोरात सुरुवात केली आणि चार ओळींनंतर एकेक वाद्य शरमून गप्प झालं.

"म्हणजे," नगराध्यक्षांनी घसा साफ केला, "हा वरचा? आत्ता आहे तो?"

सगळ्या गावाने कपाळाशी हात धरून वर पाहिलं.

"हाच."

"बाई गं," पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "तो तर माझ्या आईलासुद्धा माहीत होता!"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा चौक हसला. टीव्हीवाली मुलगी कॅमेरामनच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. मुली नाचल्या, एम्पानादा संपल्या. नगराध्यक्षांनी फलकावरचा झेंडा काही काढला नाही. फक्त जाताना त्यांनी यास्नाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माइकवर कुणी खरं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सवय नाही ना, घाम फुटला."

सोमवारी यास्ना समितीशी बोलायला संगणकाच्या पडद्यासमोर बसली ती सामान बांधूनच. समितीने टीव्ही पाहिला होता. खऱ्या सदतीसचा पुसट वर्णपटही तिने तपासला होता. तो पहिल्याच रेघेला नापास झाला. एक सभासद तर तोंडावर रुमाल धरून बसले होते. ओयार्सूनबाई तेवढ्या हसत नव्हत्या.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "तो उजेड सूर्याचा आहे हे तुमच्या संगणकाला माहीत होतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"मला माहीत असतं तर बँड आला असता का, बाई?"

"आणि तरी त्याने सगळे तारे बाजूला सारून नेमका सूर्य काढला आणि सांगितलं, हा सूर्यासारखा आहे?"

"हो, पण..."

"पण काय? मी पुरावा मागितला होता. याहून चोख परीक्षा मी स्वतः घेऊ शकले नसते."

यास्नाला दोन वर्षं वाढवून मिळाली. ओयार्सूनबाईंनी मात्र एक अट घातली. परीक्षा चालू ठेवायची. नोल्बेर्तो आरायांनी मनात येईल त्या महिन्यात, मनात येईल त्या ताऱ्याच्या नंबरखाली सूर्याचा उजेड घुसवायचा, त्यावरची वेळ आणि वेग पुसायचा आणि कुणालाही सांगायचं नाही. काय केलं ते कागदावर लिहून दर महिन्याला बंद पाकीट संचालकांच्या कपाटात ठेवायचं. काकांनी करारावर सही केली. त्या दिवसापासून एक मोकळाढाकळा माणूस आमच्या डोळ्यांदेखत सुकत गेला. ते हवापाण्यावरसुद्धा जपून बोलू लागले. आपला नवरा घरात एवढा गप्प का, म्हणून बायकोने त्यांचे खिसे तपासले.

मार्चअखेरच्या एका दुपारी वाढत्या यादीतला अठ्ठावन्न नंबर जुळला. यास्नाने वेळ आणि वेग पाहिला, दोन्ही पुसलेले. पण त्या महिन्यात परीक्षेच्या नावाखाली काकांनी सगळ्यांच्याच वेळा आणि वेग पुसले होते. चार हजार रेघा मोजमापाच्या चुकीएवढ्यासुद्धा हलत नव्हत्या. जुळा समोर असताना आनंद करायची सोय नाही, असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. ती सावकाश चालत स्वयंपाकघरात गेली. काका पाव खात होते.

"काका, अठ्ठावन्न."

काका पाव चावत राहिले.

"नुसती मान हलवा. हो की नाही?"

"डॉक्टरबाई, करार आहे."

"सांग रे बाबा," मावशी म्हणाल्या, "नाहीतर उद्यापासून पालता बंद."

काकांच्या कपाळावर घाम आला, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण ओठ काही उघडले नाहीत. यास्नाने फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पाकीट फाटल्याचा. 

"सर? वाचताय ना?"

"वाचतो," फुएनसालिदा म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "'मार्च. या महिन्यात मी काहीही घुसवलेलं नाही. सांगण्यासारखं काही नसताना गप्प बसणं फारच जड गेलं. नोल्बेर्तो आराया.'"

यास्नाने काकांकडे पाहिलं. काका जोरजोरात मान हलवत होते, हो, हो, हो, खराच तारा आहे, आणि तोंडातला पाव गिळायचं विसरले होते. मग यास्ना मटकन फरशीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मावशींनी आधी उसळीखालचा गॅस बंद केला आणि मग त्याही तिच्या शेजारी जाऊन बसल्या.