तायडे भाऊंचं 'जाऊन राहिलं'

आमच्या शेजारचे तायडे भाऊ रोज सकाळी दूधवाल्याला सांगतात, "आज मी मरू शकतो बरं." दूधवाला नवा होता तेव्हा पहिल्या दिवशी बिचारा घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मंग उद्याचं दूध टाकू का नको?" भाऊ शांतपणे म्हणाले, "टाक. चहा त लागनच कोणाले तरी."

ही त्यांची साधना आहे. मरणाची रोज आठवण ठेवायची, म्हणजे ते दारात आलं की माणूस दचकत नाही, असं ते मला कुंपणाच्या भिंतीवरून समजावतात. मी आपली एकीकडे मेथी निवडत ऐकते. भाऊंचं घर बौद्धच, बुद्धवंदना लहानपणापासून पाठ. पण ध्यान वगैरे ते शिकले निवृत्त झाल्यावर. त्याआधी सारी नोकरी अकोल्याच्या बसस्थानकावर माईकवर गाड्या पुकारण्यात गेली. "अमरावती गाडी फलाट तीनवरून सुटून राहिली!" साहेबांनी कितीदा सांगितलं, अहो तायडे, 'सुटत आहे' म्हणा. भाऊंचं म्हणणं असं, की 'सुटत आहे' म्हटलं तर आपला माणूस पान खात उभा राहतो, 'सुटून राहिली' म्हटलं की पळतो.

असा माणूस दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेला. मी त्यांच्या बायकोला, शकुंतलाबाईंना विचारलं, करमतं का हो एकटीला? तर म्हणाल्या, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरात कोणी काही पुकारलं नाही, कान कसे धुतल्यासारखे झाले.

शिबिरातून भाऊ एक शब्द घेऊन आले, 'अनिच्च'. म्हणजे काहीच टिकत नाही, सगळं क्षणाक्षणाला सरतं. पण आमच्या जठारपेठेत 'अनिच्च' कोणाला कळणार? म्हणून त्यांनी तो वऱ्हाडीत आणला: "जाऊन राहिलं." पंखा बंद पडला, जाऊन राहिला. दाढ दुखली, जाऊन राहिली. माझ्या हातून वर्षाच्या लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा मी ओट्याशी डोक्याला हात लावून बसलेली आणि हे भिंतीवरून म्हणतात, "वयनी, तुमी विकत आणली ना, तवापासूनच ते जाऊन राहिली होती." त्या दिवशी मी भाऊंशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, कारण त्यांनी त्यांच्या घरच्या लोणच्याची वाटी पाठवली. तीसुद्धा टिकायची नाही, असा निरोप होता.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. आमच्याकडे 'जाऊन राहिली' म्हणजे 'जात आहे'. गेली नाही, आणि राहिलीही नाही. हे न कळल्याने केवढा घोळ झाला ते ऐका.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी शकुंतलाबाईंचं हृदय कमी काम करायला लागलं. अमरावतीच्या दवाखान्यात भरती केलं. त्यांचे जावई पुण्याचे, बोलणं अगदी पुस्तकी. त्यांनी फोन करून विचारलं, आईंचं कसं आहे? नेमकं तेव्हाच आया चाकांची खाट ढकलत बाईंना एक्सरे काढायला नेत होत्या. भाऊ म्हणाले, "ते त जाऊन राहिली," आणि खाटेमागे पळायचं म्हणून फोन ठेवला. रात्रभर गाडी हाणत लेक-जावई सकाळी दवाखान्यात हजर, पांढऱ्या कपड्यांत, हातात फुलांचा हार. शकुंतलाबाई उशीला टेकून खिचडी खात होत्या. हाराकडे पाहून म्हणाल्या, "जावईबुवा, सत्कार कोणाचा हाये?"

सारा वॉर्ड हसला. भाऊही हसले. पण घरी आणल्यावर, मी शकुंतलाबाईंचे केस विंचरत होते तेव्हा त्या वेगळंच बोलल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय थकलंय, आता जितके दिवस मिळतील तितके. त्याची त्यांना भीती नव्हती. "जाचं त हायेच. पण पाहा तुमी, मी गेल्यावर हा बह्याड माणूस चहा मांडीन, आन म्हणीन, जाऊन राहिली. एवढा संसार केला बाई. ह्याले माह्यावाचून काही अडन का नाही, हे एकदा कळून जावं, एवढंच वाटते."

मी म्हटलं, असं कसं, अडेलच की. पण माझ्याही मनात खात्री नव्हती.

त्यातच कुलरचं प्रकरण निघालं. अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल. दुपारी भिंतीसुद्धा तापतात. आणि भाऊ बायकोच्या खाटेशी मांडी घालून ध्यानाला बसायचे ते कुलर बंद करून! पाच मिनिटं बंद, मग चालू, परत बंद. बाईंनी विचारलं तर काही नाही म्हणत उठून पाणी भरायला जायचे. बाई मला म्हणाल्या, ह्यांची साधना, अन् घाम माह्या आंगाले. तुमीच बोला आता.

बोलायला मला काय लागतं! दुपारी जेवण आटोपून तरातरा गेले. शकुंतलाबाई डोळे मिटून पडलेल्या. भाऊ एका हातात ओला पंचा घेऊन त्यांना वारा घालत होते, आणि कुलर बंद. मी हळू आवाजात, पण चांगलं झापलं. म्हटलं, भाऊ, तुम्हाला मोक्ष हवा तर उन्हात जाऊन बसा, आजारी बाईला काहून शिजवता?

भाऊंनी पंचा खाली ठेवला. मग माईकवरचा तो खणखणीत आवाज अगदी तळाला नेऊन म्हणाले, "वयनी, कुलर लय खडखडते. तिचा श्वास आयकू येत नाही."

पंचा परत उचलून ते पुढे म्हणाले,

"ध्यानात सोताचा श्वास पाहा म्हणतात. मी बसतो सोताचा पाहाले, आन तिचाच पाहून राहतो. ते जाईन, हे मले मान्य हाये. पण कुलरच्या आवाजात गेली आन मले समजलंच नाही, असं नाही झालं पाह्यजे. शिबिरातल्या गुरुजीले सांगू नका. हे चूक हाये, मले मालूम हाये."

मला वाटलं बाई झोपल्या आहेत. तर खाटेवरून आवाज आला, "आयकाले कशाले पाह्यजे? हात ठेवा इथं."

डोळे मिटलेलेच, त्यांनी भाऊंचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्या दोघांना कधी एकमेकांना हात लावताना पाहिलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि कुलरचं बटण दाबलं.

खडखड सुरू झाली. दार ओढून घेताना पाहिलं, भाऊंनी डोळे मिटले होते, हात खालीवर होत होता. शकुंतलाबाईंनी मात्र आता डोळे उघडले होते, आणि त्या त्यांच्याकडे पाहत होत्या.