माझीच फाइल घ्या!

तुम्ही मला कुठल्याही हॉस्पिटलची कुठलीही फाइल आणून द्या. तीन मिनिटांत त्यातल्या चुका काढून दाखवतो. नाही काढल्या तर नाव बदलीन! ही बढाई नाही हो, हा आमचा धंदाच आहे. पेशंट घरी गेला की त्याची फाइल रेकॉर्ड विभागात जाते. तिथली माणसं डॉक्टरांनी लिहिलेलं वाचतात आणि प्रत्येक दुखण्याला एका जाडजूड पुस्तकातला कोड देतात. घोटा मुरगळला, त्याला कोड. डावा की उजवा, कोड वेगळा. शिडीवरून पडला की खुर्चीवरून, तेही वेगळं. पोपट चावला तर त्यालाही कोड आहे, हसू नका! हे कोड बरोबर पडलेत का ते तपासायचं आणि चुकणाऱ्या मंडळींना शिकवायचं, याचं कंत्राट आम्ही घेतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. घराच्या मागच्या खोलीत दोन टेबलं टाकली आहेत, तीच आमची कंपनी. मी शिकवतो, ती तपासते.

आणि गेली बावीस वर्षं मी एकच गोष्ट बोंबलून सांगतोय. डॉक्टर लोक लिहीत नाहीत! अहो, माणूस तिसऱ्या मजल्यावरून पडून आला तरी हे लिहिणार, 'पडला. दुखतंय.' कुठून पडला? कसा पडला? पडताना काय करत होता? काही नाही! आणि आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की डॉक्टरांनी लिहिलं तर कोड द्यायचा, नाही लिहिलं तर गप्प बसायचं. मनाचं काही घालायचं नाही, मनाचं काही गाळायचं नाही. हा नियम मी इतक्या वेळा सांगितलाय की झोपेतसुद्धा बडबडतो, असं बायको म्हणते.

तर झालं काय, चारशे खाटांच्या एका हॉस्पिटलकडून आम्हाला बोलावणं आलं. आजवर आम्ही दहा-वीस खाटांच्या पुढे गेलो नव्हतो. तिथले अधीक्षक म्हणजे एकदम कोरडा माणूस. खुर्चीवर बसा म्हणायलाही त्यांना दोन मिनिटं लागली.

"दोन दिवस शिकवा," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परीक्षा. रेकॉर्ड विभागाने मिळून एका फाइलचे कोड द्यायचे. पंच्याण्णव टक्के बरोबर आले तर वर्षभराची तपासणी आणि शिकवणी तुमची. नाही आले तर दुसरी कंपनी तयार आहे."

परीक्षा त्यांची आणि नापास मी! हा कुठला न्याय? मी उठून जाणारच होतो, पण बायकोने टेबलाखालून पायावर पाय दिला. या कामाच्या भरवशावर आम्ही दोन छोटी कामं सोडून बसलो होतो. हे गेलं की आमच्या कंपनीत नुसती टेबलंच उरणार होती.

पहिला दिवस झकास गेला. रेकॉर्ड विभागात पंचवीस जण आणि त्यांच्यावर एक बाई. त्यांना सगळे रेकॉर्डबाईच म्हणतात. बाई भलत्या हुशार, पण मान खाली घालून बोलणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांसाठी खास तास ठेवला होता. एवढं मोठं हॉस्पिटल! किती डॉक्टर आले असतील? एक! अपघात विभागातली एक तरुण डॉक्टरीण, वही-पेन घेऊन. संताप झाला माझा! पण मी म्हटलं, एक तर एक. शंभर समोर असल्यासारखा मी गरजलो.

"डॉक्टर, लिहा! पेशंट का पडला, कशावरून पडला, त्याआधी काय खाल्लं, औषधं घेतो का, घरचं कसं आहे, सगळं लिहा! त्याच्या तोंडून पडलेला शब्द न् शब्द लिहा!"

"सगळं, सर?"

"सगळं! आणि वाचता येईल असं!"

तिने हेसुद्धा लिहून घेतलं. मला तर तिच्या वहीकडे बघून भरून आलं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मला साखर आहे, म्हणजे तसा रिपोर्ट आहे. आणि समारोपाच्या चहासाठी हॉस्पिटलने केक मागवला होता, त्याचं खोकं बायकोने मुद्दाम वर्गामागच्या खोलीतल्या कपाटावर ठेवायला लावलं होतं. वर सगळ्यांसमोर रेकॉर्डबाईंना सांगितलं, "यांचा हात पोचणार नाही असं ठेवा." पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं बोलायचं? शिकवायला आलेल्या माणसाला? मला केक खायचाच नव्हता हो! पण असं बोलल्यावर माणसाचा स्वाभिमान जागा होतो की नाही?

खोलीत कुणी नव्हतं. मी खुर्ची ओढली, वर चढलो, खोक्याचं झाकण उघडलं. पहिला तुकडा उभ्या उभ्या खाल्ला. दुसराही खाल्ला. तिसऱ्याला हात घातला आणि खुर्ची निघाली! खुर्चीला चाकं लावायची कुणी सांगितली होती? बसायची वस्तू ती, तिला फिरायला कशाला जायचंय? मी खाली, खोकं माझ्या कपाळावर आणि उजवा घोटा कुठल्या दिशेला गेला ते मलाही सांगता येईना.

आवाजाने सगळे धावत आले. मी पडल्या पडल्याच जाहीर केलं, "वरची पुस्तकं काढत होतो!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. कपाटावर एकही पुस्तक नव्हतं. मला चाकांच्या खुर्चीवर घालून, पुन्हा चाकंच, अपघात विभागात नेलं. तिथे कोण? सकाळचीच डॉक्टरीण! बायकोला तिने फॉर्म भरायला बाहेर पाठवलं आणि माझी साखर तपासली.

"सर, साखर फार वाढलीय. काय खाल्लंत?"

"काही नाही."

"सर, तुमच्या मिशीला क्रीम लागलंय."

मग काय करणार? सांगितलं सगळं. केक सांगितला. तीन महिने गोळ्या बंद आहेत, तेही सांगितलं, कारण त्यांनी तोंड कडू होतं. रोज सकाळी एक गोळी मी बायकोदेखत हातात घेतो आणि कुंडीत टाकतो. बायको म्हणते यंदा झाडाला बहर चांगला आलाय!

"घरी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला काय सांगू डॉक्टर! घरात नुसता जाच आहे. हे खाऊ नका, ते खाऊ नका. हे आपल्यातच ठेवा हं."

"हो सर," ती म्हणाली आणि तिचं पेन चालू लागलं. मी ते पाहिलं. पण मला बावीस वर्षांचा अनुभव! डॉक्टरचं पेन कितीही हललं तरी कागदावर उतरणार काय, तर दोन शब्द. मी निर्धास्त होतो.

चार वाजता पाय बांधून मी परीक्षेला हजर. सोबत आणलेली फाइल मी अधीक्षकांपुढे ठेवली. त्यांनी ती बोटाने बाजूला सरकवली.

"तुम्ही निवडलेली फाइल नको. पढवून ठेवली असेल. आजची ताजी पाहिजे."

पढवून! मी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रेकॉर्डबाई खालमानेने म्हणाल्या, "साहेब, चालू पेशंटची फाइल अशी सगळ्यांना दाखवायची तर त्याची परवानगी लागते. आत्ता कुणाची मिळणार?"

"मग परीक्षा होणार नाही," अधीक्षक उठायला लागले. "आणि परीक्षा नाही तर..."

वर्षभराचं काम डोळ्यांदेखत दाराबाहेर निघालं होतं! मी चाकांच्या खुर्चीतून हात वर केला आणि ओरडलो, "माझीच फाइल घ्या!"

टाळ्या पडल्या हो! पंचवीस जणांनी टाळ्या वाजवल्या. बायको तेवढी जवळ येऊन पुटपुटली, "अहो, जरा विचार करा."

"विचार कसला? घोटा मुरगळलाय. त्यात लपवण्यासारखं काय आहे?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो आणि परवानगीच्या कागदावर झोकात सही केली.

फाइल आली आणि पडद्यावर लागली. अडीच पानं! अडीच! आणि अक्षर कसं, तर मोत्यासारखं! बावीस वर्षांत मला डॉक्टरचं अक्षर पहिल्यांदा लागलं आणि तेही कुठे, तर माझ्याच फाइलवर! 'पेशंट चाकांच्या खुर्चीवर उभा राहून कपाटावरचा केक चोरून खात होता. दोन तुकडे खाल्ल्याचे सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या तीन महिने मुद्दाम बंद. रोज कुंडीत टाकतो. पत्नीला माहीत नाही.'

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं, हे मी तुम्हाला सांगतो. बायको फळ्याजवळ खडू घेऊन उभी होती. ती पानं वाचत होती आणि मी तिच्याकडे न बघता पडद्याची चौकट बघत होतो.

अधीक्षक म्हणाले, "सर, तुम्हीही कोड लिहा. विभागाचं उत्तर तुमच्याशी ताडून बघू. वाद झाला तर तुमच्या मॅडम ठरवतील."

मी चार लिहिले. उजवा घोटा, कपाळाला खरचटणं, खुर्चीवरून पडणं, पडण्याची जागा हॉस्पिटल. बस! अर्ध्या तासाने रेकॉर्डबाई उभ्या राहिल्या आणि एकेक वाचू लागल्या. पहिले चार जुळले. पण बाई थांबेचनात!

"पाच, मधुमेह, साखर वाढलेली."

"ते जुनंच आहे!" मी म्हणालो. "त्याचा पडण्याशी काय संबंध?"

"डॉक्टरांनी लिहिलंय," बायको म्हणाली आणि फळ्यावर बरोबरची खूण केली.

"सहा, वजन जास्त."

"वजन जास्त नाहीये! माझा बांधा तसा आहे!"

"डॉक्टरांनी लिहिलंय." खूण.

"सात, पथ्य न पाळणं. आठ, गोळ्या मुद्दाम न घेणं."

"अहो, त्यांनी तोंड कडू..."

"मनाचं काही गाळायचं नाही," बायको म्हणाली. नियम माझा, आवाज तिचा! तिने दोन खुणा अशा केल्या की दुसऱ्या खुणेला खडू मोडला.

मग रेकॉर्डबाई अडखळल्या. "सर, एक शेवटचा आहे. वाचू का?"

"वाचा," अधीक्षक म्हणाले.

"नऊ. जोडीदाराशी संबंधांत अडचण." बाईंनी मान आणखी खाली घातली. "डॉक्टरांनी लिहिलंय, 'घरात पत्नीचा जाच असल्याची तक्रार.'"

कुणी खोकलंसुद्धा नाही! बायको फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी मनातल्या मनात हिशोब केला आणि घाम फुटला. हा एक चूक धरला तर नवातले आठ बरोबर. नव्वद टक्केसुद्धा नाहीत! काम गेलं. आणि बरोबर धरला तर माझ्या बायकोने पंचवीस जणांसमोर, अधीक्षकांसमोर, आपल्या हाताने लिहून द्यायचं की ती नवऱ्याला जाचते. ती ज्या माणसाच्या गोळ्या डबीत मोजून भरून ठेवते, त्याच माणसाला! मला पहिल्यांदाच लाज वाटली, खरंच सांगतो. मी म्हणालो, "अगं, चूक दे. पेशंट खोटं बोलला. जाऊ दे काम."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे जरासे ओले होते, पण आवाज ठणठणीत.

"फाइलवर काय लिहिलंय तेवढंच बघायचं," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांनी लिहिलं तेव्हा अडचण होती की नव्हती, मला माहीत नाही. पण आता आहे!"

आणि तिने खूण केली. एवढी मोठी, अर्ध्या फळ्याएवढी!

नवापैकी नऊ! विभाग शंभर टक्के! रेकॉर्ड विभागाने बाकं वाजवली. अधीक्षक पहिल्यांदाच हसले आणि बायकोशी हात मिळवला. "काम तुमचं, मॅडम. एकच अट. सरांचे नवातले चारच आले. चव्वेचाळीस टक्के. तेव्हा यापुढे शिकवायचं तुम्ही."

चव्वेचाळीस! मला! ज्याने नियम शिकवला त्याला! मी तक्रार करायला तोंड उघडलं, तर बायकोने पर्समधून गोळी काढून त्याच तोंडात टाकली आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

त्यानंतर आणखी तीन हॉस्पिटलांनी आम्हाला बोलावलं. ती शिकवते, मी संगणकाच्या वायरी जोडतो. सराव म्हणून कुठली फाइल वापरते, हे सांगायला नकोच. नाव झाकलेलं असतं, परवानगीच्या कागदावर सही माझी आहे, मी बोलू कुणाला? परवा एका नव्या हॉस्पिटलात फाइल पडद्यावर लागली. सगळे पोट धरून हसले. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीने काळजीने विचारलं, "मॅडम, हा पेशंट पुढे सुधारला का हो?"

माझी बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "उपचार चालू आहेत. पण पेशंट सहकार्य करत नाही."

आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं!