हळदीकुंकवाची आगगाडी

दयानंदरावांच्या खेळण्यातल्या आगगाडीला कुणाच्या बापाची वीज लागत नव्हती. "रुळात करंट न्हाई, वायर न्हाई. पोटात बॅटरी, हातात रिमोट," ते अख्ख्या अहमदपूरला सांगत सुटले होते. "लाईट जाऊ दे, काहीबी होऊ दे, ही थांबायची न्हाई."

सुकन्या, त्यांची बायको, दिवाणखान्यातल्या त्या रुळांना ठेचकाळून जेरीस आली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवादिवशी तिनं निकाल दिला. "आज बाया येणार. रूळ माळ्यावर टाका."

"अगं, गाडीच हळदीकुंकू फिरवंल. जमलं तर रूळ ऱ्हातील. बोल."

"आन् बायांत तुम्ही कुठं बसणार?"

"आतल्या खोलीत, पडद्यामागं. बिनवायरचं हाय. तुझ्या बांगड्या वाजल्या की सोडतो, निजल्या की थांबवतो."

संध्याकाळी बांगड्या किणकिणल्या आणि डब्यात कुंकवाचा करंडा, मागं तिळगूळ घेऊन गाडी निघाली. नव्या नवरीसारखी हळूहळू, एकेकीपुढं थांबत. पडद्याआड दयानंदराव नुसते कान होऊन बसले होते.

शेजारच्या गुरम्माकाकूंना राहवेना. "सुकन्ये, लई कवतिक झालं गाडीचं. आता उखाणा घे."

सुकन्या लाजली.
"हळदीच्या संगतीला कुंकवाची जोडी,
दयानंदरावांच्या हौसेला बिनवायरची गाडी."

बाया खदखदल्या, टाळ्या पिटल्या. कासाराचं दुकान कोसळावं तशा बांगड्या वाजल्या. दयानंदरावांनी कळ शेवटपर्यंत दाबली.

वळणावर इंजिन रुळावरून उतरलं. दुसरी गाडी तिथंच मेली असती, तिचा जीव रुळात असतो. हिचा पोटात होता. फरशीवरून, पायांच्या रानातून ती डबे ओढत पळाली. बाया पदर सावरत उठल्या, बांगड्या आणखी वाजल्या. 'खूश झाल्यात,' म्हणून दयानंदरावांनी कळ सोडलीच नाही.

पडदा हलला. गाडी त्यांच्या पायावर आदळली, करंडा उडाला. मागोमाग बाया आत आल्या, तर कपाळापासून बनियनपर्यंत लाल झालेले दयानंदराव रिमोट धरून बसलेले.

गुरम्माकाकूंनी शांतपणे वाणाची गाळणी त्यांच्या हातात ठेवली. "घ्या भाऊ. कुंकू लागलं म्हंजी वाण द्यावंच लागतं."

बाया गेल्यावर दयानंदरावांनी मिशीतलं कुंकू झटकलं. "पण बघितलंस? थांबली का? रुळाबिगर पळाली."

"हाव की," सुकन्या म्हणाली. तिनं माळ्याला शिडी लावली होती. "तिला लागत न्हाईत, मला चालत न्हाईत. मग कुणासाठी ठिवायचे? चढा."